काळ्या मातीचा जमाखर्च

मोठ्या एकत्र कुटुंबात कोठीच्या किल्ल्या ज्यांच्या कमरेला असतात, त्यांना एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. कणगीतून रोज दाणे काढावयाचे आणि तीत भर मात्र घालावयाची नाही, हा व्यवहार फार दिवस चालत नसतो. कणगी कितीही मोठी असो, एक दिवस मापटे तळाला खरडते. गृहिणीला जे सहज समजते ते शेतजमिनीच्या बाबतीत मात्र आपणां सुशिक्षितांच्या ध्यानात येत नाही, आणि याचे कारण उघड आहे. जमिनीची कणगी डोळ्यांना दिसत नाही, तिचा तळ खरडल्याचा आवाज ऐकू येत नाही, आणि दर वर्षी पाऊस पडला की ती पुन्हा हिरवी होऊन आपली समजूत घालते. त्यातून आता या कणगीच्या तोंडाशी जे फेरफार चालले आहेत ते एका गावाचे राहिलेले नाहीत. हवा, पाऊस आणि बाजार हे तिघेही साऱ्या जगाचे होऊन बसले आहेत. या जगव्यापी फेरफारांनी मातीतील आणि धान्यातील पोषकद्रव्यांचे काय होते, ते एका गावाच्या शिवारापासून पाहावे असा आमचा विचार आहे.

मेहकरहून सिंदखेड राजाकडे जाणाऱ्या जुन्या नागपूर-मुंबई रस्त्यावर दुसरबीड लागते. बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपल्या जिल्ह्याचे दोन भाग मानतात, घाटावरचा आणि घाटाखालचा; दुसरबीड हे घाटावरचे गाव. या जिल्ह्यात पूर्णा नावाच्या नद्याही दोन आहेत. घाटाखालची पूर्णा तापीला मिळून अरबी समुद्राला जाते, तर घाटावरची खडकपूर्णा गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराची वाट धरते. दुसरबीडच्या शिवारातून जे वाहून जाते ते या दुसऱ्या वाटेने जाते, एवढे वाचकांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडेल.

येथील माती काळी, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालारसाच्या पाषाणातून झिजून झालेली. चुना, मॅग्नेशियम, लोह, पालाश ही तिची वडिलोपार्जित संपत्ती होय. परंतु दोन गोष्टींत ही श्रीमंत माती प्रथमपासूनच गरीब आहे. एक नत्र, कारण ते पाषाणात जवळजवळ नसते, हवेतून मिळवावे लागते. आणि दुसरी कुजलेल्या पालापाचोळ्याची, ज्याला शास्त्रज्ञ सेंद्रिय कर्ब म्हणतात, कारण आपल्या उन्हाळ्यात तो जमिनीत फार काळ टिकत नाही. स्फुरद असते, पण चुना त्याला घट्ट धरून ठेवतो. जस्ताचीही तीच अवस्था. म्हणजे घरात दागिने आहेत, पण पेटीची किल्ली सापडत नाही, असा हा प्रकार आहे. ती किल्ली बहुतांशी सेंद्रिय कर्बाच्या हाती असते. कुजणाऱ्या पदार्थांतून निघणारी सौम्य आम्ले आणि त्यांवर जगणारे सूक्ष्म जीव हेच बांधलेले स्फुरद आणि जस्त मुळांना मोकळे करून देतात.

जुना व्यवहार कसा होता? ज्वारी खावयाची, कडबा बैलांना घालावयाचा, कापूस विकावयाचा, सरकी गुरांना चारावयाची, घाणीवर तेल गाळून पेंड गोठ्यात न्यावयाची, आणि गोठ्यातील शेण उकिरड्यावरून पुन्हा शेतात. येथे एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. कापसाचे रुई, तेल आणि साखर या तीन पदार्थांत मातीचा अंश जवळजवळ काहीच नसतो. ते हवेतील कर्ब आणि पावसाचे पाणी यांचेच बनलेले असतात. गावाबाहेर रुई गेली, तेल गेले, तरी मातीचे फारसे काही गेले नाही. मातीचे जे होते ते सरकीत, पेंडीत आणि कडब्यात, आणि ते गावातच राहिले. आमच्या पूर्वजांनी रसायनशास्त्र वाचून हे ठरविले होते असे आम्ही म्हणत नाही. वाहने नव्हती, सरकी दूर नेणे परवडत नव्हते, म्हणून तसे घडले. त्या काळाचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. पीक थोडे येई, दुष्काळात माणसे आणि गुरे दोन्ही मरत, आणि अर्धे शेण गोवऱ्या होऊन चुलीत जाई. गोवरी जळली की तिच्यातील नत्र धुरावाटे उडून जाते, राखेत राहतो तो स्फुरद आणि पालाश. तेव्हा त्या चक्रालाही गळती होतीच. पण चक्र होते.

आता ज्वारीच्या जागी सोयाबीन आले आहे. सोयाबीनच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र बांधतात हे खरे, आणि म्हणूनच पुष्कळांची अशी समजूत आहे की हे पीक जमीन सुधारते. हिशोब करून पाहू. सोयाबीनच्या दाण्यात शेकडा ४० च्या आसपास प्रथिन असते, म्हणजे एका क्विंटलात सुमारे ६ किलो नत्र. हेक्टरी १० क्विंटल पीक आले, तर ६० किलो नत्र, सुमारे ६ किलो स्फुरद आणि १८ किलोच्या आसपास पालाश पोत्यांत भरून बाजार समितीच्या आवारात जातो. नत्राचा मोठा भाग हवेतला असेल. स्फुरद आणि पालाश मात्र सगळा मातीचा. तेल गिरणीत राहते, आणि ज्या पेंडीत मातीचे धन असते ती कोंबड्यांच्या खाद्यासाठी कुठल्या कुठे, कित्येकदा समुद्रापार जाते. दुसरबीडला एके काळी जिजामाता सहकारी साखर कारखाना चालत असे. तो पुढे बंद पडला. गंमत अशी की, निव्वळ मातीच्या दृष्टीने पाहिले तर साखर विकणारे गाव सोयाबीन विकणाऱ्या गावापेक्षा कमी गमावते, मात्र मळी आणि पाचट शेतात परत गेले पाहिजे. उसाला लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न निराळा, आणि घाटावर तो लहान नाही.

याच तालुक्याशेजारी लोणारचे सरोवर आहे. उल्केच्या आघाताने झालेल्या त्या खोलगट द्रोणात भोवतालचे पाणी येते. बाहेर जावयास नदीनाला नाही. त्यामुळे क्षार साठत साठत पाणी खारे आणि अतिशय अल्कधर्मी झाले आहे. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांचा तो रंग असल्याचे दाखविले. लोणारच्या वहीत नुसती जमा आहे. भोवतालच्या शेतांच्या वहीत नुसता खर्च.

हा खर्च भरून काढण्यास जगाने एक उपाय शोधला आहे, आणि तो लहानसहान नाही. १९०९ साली फ्रिट्झ हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हवेतील नत्रापासून अमोनिया करून दाखविला, आणि १९१३ साली कार्ल बॉश याच्या देखरेखीखाली ओपाऊ येथे त्याचा कारखाना सुरू झाला. आज जगातील निम्म्याच्या आसपास माणसांचे अन्न या एका शोधावर उभे आहे. युरियाला नावे ठेवणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. परंतु युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत शेकडा ४६ भाग नत्र असते आणि बाकी काही नसते. सरकारी मदतीमुळे ती पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. स्फुरद आणि पालाश यांचा कच्चा माल परदेशातून येतो, त्यांची किंमत जगाच्या बाजारावर हेलकावे खाते. तेव्हा शेतकरी स्वस्त आहे तेच अधिक टाकतो, यात त्याचा दोष काय? पण पीक नत्राने हिरवेगार झाले की ते जमिनीतील जस्त, गंधक, पालाश अधिक वेगाने उपसते. एका पदार्थाने भरलेले ताट हे जेवण नव्हे, हे मुलांना सांगणाऱ्या मातांना अधिक स्पष्टीकरण नको.

शिवाय टाकलेले सगळे नत्र पिकाच्या तोंडी लागत नाही. आपली माती अल्कधर्मी. तिच्यावर युरिया उघडा फेकला की त्यातील बराच भाग अमोनिया होऊन उडतो. ओल साचलेल्या जागी जिवाणू काही भागाचा नायट्रस ऑक्साइड करतात. हा वायू वजनास वजन धरले तर कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट उष्णता कोंडतो. उरलेला भाग नायट्रेट होऊन पाण्याबरोबर उतरतो, विहिरींत जातो, आणि शेवटी खडकपूर्णेच्या वाटेने गोदावरीत. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नायट्रेट नसावे असे भारतीय मानक आहे. अधिक असल्यास बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या मुलांना त्याचा विशेष धोका असतो, कारण त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने घटते. येथे आमच्या वाचकभगिनींना एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. पाणी उकळल्याने रोगजंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटून ते अधिक दाट होते. शेतातील विहिरीचे पाणी घरात येत असेल, तर त्याची तपासणी करून घेणे हाच मार्ग.

आता पावसाकडे वळू. वैशाखात नांगरून तापविलेल्या जमिनीवर मृगाचा पहिला पाऊस पडला म्हणजे पिकाला विलक्षण जोम येतो, हे आपले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. त्याचे कारण असे की, कोरड्या पडलेल्या मातीत असंख्य सूक्ष्म जीव मेलेले किंवा निपचित असतात. पाणी लागताच उरलेले जागे होतात, मेलेल्यांवर आणि पालापाचोळ्यावर तुटून पडतात, आणि थोड्याच दिवसांत मातीत नत्राचा पूर येतो. पूर्व आफ्रिकेत काम करणाऱ्या बर्च नावाच्या संशोधकाने १९५० नंतरच्या दशकात याचा पद्धतशीर अभ्यास केला, म्हणून शास्त्रात त्याला त्याचे नाव मिळाले आहे. निसर्गाने दिलेला हा पहिला हप्ता उचलण्यास पेरलेले पीक वेळेवर उगवून आलेले असले पाहिजे. पाऊस ठरल्या गतीने पडला तर ते घडते. पण पहिल्या सरीनंतर तीन आठवडे उघडीप, पेरणी मोडली, दुबार पेरणी, आणि मग एका रात्रीत महिन्याचा पाऊस, असे झाले म्हणजे मुळे खाली पोहोचण्यापूर्वीच तो हप्ता वाहून गेलेला असतो. शेतकऱ्याला वाटते, बियाणे गेले आणि मजुरी गेली. मातीचे त्याच वेळी काय गेले ते कोणत्याही पंचनाम्यात येत नाही.

हे असे वारंवार घडू लागले आहे काय? पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील डॉ. रॉक्सी कोल व त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिप्पट झाल्याचे दाखविले. अरबी समुद्र तापल्याने वाऱ्याबरोबर येणारी वाफ एकदम उसळून येते, हे त्याचे मुख्य कारण त्यांनी दिले. २०२५ च्या सप्टेंबरात शेजारच्या मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्याने कित्येक ठिकाणी वरची मातीच नेली. सरकारी दप्तरात अशा शेतांना ‘खरडून गेलेली जमीन’ म्हणतात. हा शब्द आम्हांस फार अचूक वाटतो. पोषकद्रव्यांचा बहुतेक साठा वरच्या वीतभर मातीत असतो, आणि ती वीतभर माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. नुकसानभरपाईने पीक पुन्हा उभे करता येते. खरडून गेलेल्या मातीला गाळ आणून टाकावा लागतो, आणि तोही मिळेल तेव्हा. उष्णता वाढल्याने दुसरेही एक होते. सूक्ष्म जीव अधिक वेगाने काम करू लागतात, आणि जो थोडाबहुत सेंद्रिय कर्ब उरला आहे तो लवकर जाळून टाकतात.

इथवर आपण मातीचा विचार केला. पण आता हवेनेच ताटातील अन्नाला हात घातला आहे, ही गोष्ट पुष्कळांना नवी वाटेल. हवाई बेटांतील मौना लोआ पर्वतावर १९५८ पासून हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजला जातो. त्या साली तो हवेच्या दशलक्ष भागांत ३१५ भाग होता. आता तो ४२० च्या वर गेला आहे. वनस्पतींचे हे अन्नच, तेव्हा ते वाढले तर बरेच झाले, असे वरवर वाटते. दाणे थोडे अधिक भरतात हे खोटेही नाही. परंतु पानांना हा वायू सहज मिळू लागला म्हणजे त्यांची सूक्ष्म छिद्रे कमी उघडतात, पाण्याची वाफ कमी होते, आणि मुळांकडे ओढल्या जाणाऱ्या पाण्याबरोबर येणारी द्रव्येही कमी येतात. इकडे पीठ मात्र वाढलेले असते. चार माणसांचे वरण सहा माणसांना वाढावयाचे तर गृहिणी पाणी घालते, तोच प्रकार.

अमेरिकेतील सॅम्युअल मायर्स आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली याचे मोजमाप प्रसिद्ध केले. जपान, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका येथील उघड्या शेतांत नळ्यांनी तो वायू सोडून, या शतकाच्या मध्याच्या सुमारास अपेक्षित असणाऱ्या हवेत पिके वाढविली. गव्हातील जस्त शेकडा ९ ने, लोह ५ ने, आणि प्रथिन ६ ने कमी भरले. सोयाबीन, वाटाणा यांसारख्या पिकांतही जस्त आणि लोह घटले, प्रथिन फारसे घटले नाही. ज्वारी आणि मका यांवर मात्र परिणाम नाममात्र होता. ही पिके कर्ब पकडण्याची निराळी रीत वापरतात. हवेत तो थोडा असो वा फार, त्यांच्या व्यवहारात विशेष फरक पडत नाही. म्हणजे ज्या ज्वारीला आम्ही शेतातून आणि पाटावरून उठविले, तीच या बदलत्या हवेत आपले सत्त्व सांभाळून राहणार!

सगळा दोष हवेवर टाकणेही न्यायाचे होणार नाही. इंग्लंडातील रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून एकाच शेतात गव्हाचा प्रयोग चालू आहे आणि जुन्या वर्षांचे दाणे जपून ठेवलेले आहेत. त्यांच्या तपासणीत असे आढळले की, १९६० नंतरच्या दशकात बुटक्या, भरघोस वाणांचा गहू आला तेव्हापासून दाण्यातील जस्त, तांबे, मॅग्नेशियम यांचे प्रमाण उतरले, मातीतील साठा मात्र उतरला नव्हता. दाणे वाढले, सत्त्व तेवढेच राहिले, ते अधिक दाण्यांत वाटले गेले. वाण निवडताना केवळ उतारा पाहिल्याचे हे फळ आहे, आणि ते सुधारणे माणसाच्या हाती आहे. जस्त अधिक धरणारे गव्हाचे वाण आपल्याकडेही तयार झाले आहेत.

धान्य दूरदूरचे झाले म्हणजे मातीचे गुणदोषही दूरवर पोहोचतात. याचे उदाहरण याच जिल्ह्यात घडले. २०२४ च्या डिसेंबरअखेर आणि २०२५ च्या जानेवारीत घाटाखाली शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा इत्यादी गावांत माणसांचे केस एकाएकी गळू लागले. तीन-चार दिवसांत डोकी उघडी पडू लागली. मुली शाळेत जाईनात, ठरलेली लग्ने अडू लागली. प्रथम संशय पाण्यावर गेला, आणि पाण्यात नायट्रेट जास्त आढळलेही. पुढे विंचूदंशावरील संशोधनामुळे ख्यातनाम झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचे रक्त, केस आणि घरातील गहू यांची तपासणी करविली. सेलेनियम नावाचे मूलद्रव्य रुग्णांच्या शरीरात आणि शिधावाटपाच्या दुकानातील गव्हात अनेक पटींनी अधिक, आणि रक्तात जस्त कमी, असे त्यांना आढळले. तो गहू पंजाबाकडून आला असल्याचा निष्कर्ष त्यांनी मांडला. शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याच्या काही पट्ट्यांत जमिनीतच सेलेनियम जास्त आहे, हे पंजाबातील कृषिशास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होते. एका ठिकाणच्या मातीतील अधिक्य शेकडो मैलांवरच्या बोंडगावच्या मुलीच्या डोक्यावर उमटावे, ही गोष्ट आमच्या मनातून जात नाही. जिथे सरमिसळ धान्य खाल्ले जाते तेथे असे अधिक्य इतर धान्यांत विरून जाते. ज्याच्या घरी एकाच दुकानाचा एकच गहू दोन्ही वेळा, त्याला मात्र विरवावयास दुसरे काही नसते.

मग उपाय? एक उपाय आपल्याच काळ्या मातीत शोधला गेला आहे. इंदूर येथील वनस्पतिउद्योग संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी कंपोस्ट खताची जी पद्धत बसविली, ती इंदूर पद्धत म्हणून जगभर गेली. त्यांच्यापुढचा मुख्य प्रश्न पऱ्हाटीचाच होता. कापसाच्या या काड्या इतक्या टणक की लवकर कुजत नाहीत. तेव्हा त्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली भरडून घेत, मग गोठ्यात गुरांखाली अंथरीत, आणि शेण, मूत्रमिश्रित माती व राख यांच्याबरोबर ढीग लावून वेळोवेळी उलटीत. तीन महिन्यांत खत तयार होई. चुलीची सोय गॅसने झाल्यावर आता बहुतेक पऱ्हाटी बांधावर पेटविली जाते. २०१७ नंतर गुलाबी बोंडअळीच्या भयाने ती शेतात ठेवूही नये असे सांगितले जाते, आणि ते रास्त आहे. पण ट्रॅक्टरवर चालणाऱ्या यंत्राने तिची बारीक कुट्टी करून ढिगात घातली, तर ढिगाच्या उष्णतेने अळीही मरते आणि खतही होते. पेटविल्याने अळी मरते, आणि तिच्याबरोबर नत्र, गंधक व सारा कर्ब धूर होऊन जातो.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात १९८८ पासून एकाच काळ्या जमिनीवर ज्वारी आणि गहू आलटून पालटून घेण्याचा प्रयोग चालला आहे. नुसते नत्र दिलेल्या वाफ्यांची दशा कालांतराने खालावली. रासायनिक खतांबरोबर हेक्टरी १० टन शेणखत मिळालेले वाफे उत्पन्नात आणि सेंद्रिय कर्बात दोन्हींत वरचढ राहिले. युरिया की शेणखत, असा वाद सभांतून पुष्कळ रंगतो. अकोल्याच्या वाफ्यांनी त्याचा निकाल केव्हाच लावला आहे. मात्र १० टन शेणखत आणावयाचे कोठून, हा प्रश्न दुसरबीडच्या ज्या शेतकऱ्याच्या दावणीला आज एकच गाय उरली आहे त्याने विचारला, तर त्याला उत्तर देणे सोपे नाही. पऱ्हाटी, सोयाबीनचे कुटार, तुरीचा पाला, गावातील ओला कचरा हे सर्व एकत्र केले तरी ती भर कदाचित अर्धीच निघेल. शहरात जे धान्य गेले त्याचा उरलेला अंश नाल्यांतून नदीला जातो, तो परत आणण्याची व्यवस्था अजून कोठेच पुरती झालेली नाही. तोवर अर्ध्यावरच भागवावे लागणार.

आमच्या वाचकांपैकी ज्यांचा गावी अजून शेतीत वाटा आहे, त्यांनी येत्या उन्हाळ्यात एक काम अवश्य करावे. पीक निघाल्यावर आणि खत टाकण्यापूर्वी शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घ्यावेत. झाडाखालची, बांधाजवळची आणि उकिरड्याची जागा टाळावी. खड्ड्याच्या कडेची माती वरपासून तळापर्यंत सारखी खरवडून घमेल्यात मिसळावी, सावलीत वाळवावी, आणि त्यातील अर्धा किलो कापडी पिशवीत घालून मृद् तपासणी प्रयोगशाळेत द्यावी. २०१५ पासून जी मृदा आरोग्य पत्रिका मिळते तीत बारा रकाने असतात. नत्राचा रकाना सर्वांना ठाऊक असतो. प्रथम सेंद्रिय कर्बाचा पाहावा. तो शेकडा अर्ध्याच्या खाली असेल तर कमी समजतात. त्यानंतर जस्ताचा. आणि पत्रिका कोठीच्या किल्ल्यांजवळच ठेवावी, म्हणजे दोन-तीन वर्षांनी दुसरी येईल तेव्हा पहिली शोधावी लागणार नाही.